जाड टायर, रोजची वाट

१० सप्टेंबर, मंगळवार

नाही म्हणाले! तोंडानं तसं कुणीच 'नाही' म्हणालं नाही म्हणा — या घरात तशी पद्धतच नाही. मामा म्हणाले, "रोजच्याला जमंल का ह्ये?" संघपाल फोनवर म्हणाला, "बघू की. घाई काय आहे?" झालं! सासऱ्यांचा एक प्रश्न, नवऱ्याचा एक प्रश्न, आणि मधल्या मधे माझी नोकरी गेली. (नवऱ्याला इथं एकेरीच लिहिणार. तोंडावर 'अहो' आहेच जन्मभर.)

चिंचवस्तीच्या शाळेत गणिताची जागा रिकामी झालीय. तिप्पण्णा सर तिथले हेडमास्तर, पूर्वी त्यांच्याच हाताखाली मी शिकवत होते. त्यांनी आपणहून फोन केला. "या की हो बाई. पोरं गणिताला लई भ्यायला लागलीत." सकाळची शाळा, साडेसात ते साडेअकरा. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर व्हायचं. साडेबाराला मी घरी! आत्यांचं जेवण, औषध, काही चुकणार नाही.

आत्यांचं — सासूबाईंचं — विसरणं वाढलं तेव्हा मी शाळा सोडली. तेव्हापासून मी आणि त्या, या तीन खोल्यांत. सारख्या हाका. न्हाणीत गेले तरी दार वाजवतात. "राजू, हायस का ग?" आहे. जाणार कुठं?

अडचण वाटेची आहे. आमची कॉलनी सोलापूरच्या अगदी शेवटाला. डांबरी रस्त्यानं चिंचवस्तीला भलामोठा वळसा, आणि पहिली एसटी नऊला. कालव्याच्या भरावावरून सरळ नऊ किलोमीटर. पण वाळूचे ट्रॅक्टर जाऊ नयेत म्हणून भरावावर मोठाले धोंडे टाकलेत, स्कूटी त्यातून जात नाही. आणि स्कूटी आहे कुठं — पुण्यात, संघपालच्या खोलीखाली! इथं उरलीय ती जिन्याखालची, चादर घातलेली त्याची सायकल. चार इंच रुंद टायरवाली. फॅट बाईक. हौसेनं घेतली, चार रविवार फिरवली, फोटो काढले, मग पुण्याला बदली झाली.

पण सायकल धोंड्यांवरून उचलून नेता येते! तर ठरलं. दिवाळीपर्यंत रोज पहाटे हिच्यावर जायचं. एक दिवस कुणीही जाईल. रोज जमतं, हे दाखवायचं.

११ सप्टेंबर, बुधवार

जमलं नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

काल लिहायची ताकद नव्हती. ही सायकल नव्हे, रेडकू आहे! जागेवरनं हलवायलाच जोर लागतो. डांबरावर घुंऽऽ करत चालते, कॉलनीतली सगळी कुत्री मागं. एका दूधवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "ताई, इंजिन कुटं हाय हिचं?" मी म्हटलं, वर बसलंय की!

भरावावर तर कहरच झाला. एवढे जाड टायर, मला वाटलं गादीवर बसल्यासारखं जाईल. कसलं काय! मुरमावरून नुसत्या उड्या मारत होती. प्रत्येक खडा दातात वाजला. धोंड्यांपर्यंतही पोचले नाही, अर्ध्यातून परत. मनगटं सुजलीत.

परत आले तर मामा फाटकात उभे, हातात पंप. "हवा टाईट हाय न्हवं? कालच भरली मी." मी सायकलची घंटी वाजवली तशी आत्यांनी आतून दार उघडलं. "राजू आली!" एक फाटकात, एक दारात. तुरुंगालासुद्धा एवढा पहारा नसेल.

१५ सप्टेंबर, रविवार

मोबाईलवर शोधलं. कुणीतरी गोरा माणूस बर्फातून अशीच सायकल चालवत होता. तो म्हणतो, या टायरांत हवा कमी ठेवायची. अगदी कमी. अंगठ्यानं दाबला तर दबला पाहिजे. दहा पौंड पुरे. आणि मामा भरतात तीस!

मामांना सांगायला गेले. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात, टायर सेक्शनला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मऊ टायर म्हंजे मेल्याला टायर." विषय संपला. सासरे असून मामा म्हणायचं, त्यामुळं धड भांडताही येत नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

कॉलनीच्या पाण्याच्या टाकीमागं थांबले आणि दोन्ही चाकांची हवा सोडली. फुस्स! आणि मग — काय सांगू! तीच सायकल, तोच मुरूम, पण आता जमिनीला धरून चालली. खडीवरून, उडीद काढलेल्या रानाच्या कडेनं, वाळूच्या पट्ट्यातून, कुठं म्हणून अडली नाही. धोंडे आले, उचलली, पलीकडं ठेवली. जड आहे, पण उचलली!

कालव्यावर कुणी नव्हतं. मी मोठ्यानं हसले. किती दिवसांनी मला कुणी हाक मारत नव्हतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मामा रोज संध्याकाळी टायरला अंगठा लावतात. "उतरली की परत!" आणि भरतात. तीस. मी रोज पहाटे टाकीमागं जाऊन सोडते. दहा. घरात आणखी कुणी शहाणं माणूस असतं तर हसून लोळलं असतं.

२३ सप्टेंबर, सोमवार

काटा! वेड्या बाभळीचा, बोटाएवढा. चार इंचाचा टायर असला म्हणून बाभूळ काही घाबरत नाही. हातात धरून चालत आणली, घरी यायला पार ऊन झालं.

मामा फाटकात घामाघूम. आणि ओरडले! मामा कधी ओरडत नाहीत. "कुटं हुतीस? येळ काय झाली?" मी माझ्या मनानं थोडा वेळ बाहेर राहिले, एवढाच गुन्हा. त्यांचा चेहरा बघितला आणि आत जाऊन भांडी आपटली.

पंक्चरवाल्याकडं या मापाची ट्यूबच नाही. "ट्रॅक्टरची टाकू का, ताई?" म्हणतो. आता पुण्याहून येणार. संघपाल शनिवारी आणेल — "जमलं तर."

२५ सप्टेंबर, बुधवार

सायकल बंद. मीही बंद.

आज आत्यांनी चमचे लपवले. पिठाच्या डब्यात सापडले. मग त्यांना आंघोळ करायची नव्हती. मग आंघोळ झालेली आठवेना, म्हणून परत करायची होती. दुपारी मी खिडकीशी उभी राहिले तर पदर धरून मागं ओढलं. "जाऊ नगं." खिडकीतून कशी जाईन? पण लिहून ठेवते, इथं तरी खरं लिहावं — त्या क्षणी गज नसते तर गेले असते. त्यांचा राग येतो आणि मग राग आल्याची लाज वाटते. दिवसभर हेच, आलटून पालटून.

मामा दिवसभर ओट्यावर पेपर वाचतात. एकच पेपर.

२९ सप्टेंबर, रविवार

ट्यूब आली. बरोबर टायरमध्ये घालायचं जेल, काटा लागला तरी भोक बुजवतं म्हणे. संघपालनं स्वतः बसवून दिलं, खोटं कशाला बोलू. जाताना म्हणाला, "आई बरी आहे की! तू जरा जास्तच मनाला लावून घेतेस." दीड दिवस होता. त्यातला अर्धा झोपला.

५ ऑक्टोबर, शनिवार

पोचले! चिंचवस्ती! शाळेच्या पायरीला सायकल टेकवली तेव्हा घंटा व्हायची होती. तिप्पण्णा सर बाहेर आले, सायकलीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून बघितला. "म्हशीचं वासरू आणलं की हो बाई!" पोरं गोळा झाली. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमी येणार हाय का रोज?" रोज! तोच शब्द. घरी ऐकला की अंगावर येतो, तिच्या तोंडी इतका गोड वाटला.

सरांच्या टेबलावर दोन घोट चहा घेतला आणि फिरले. येताना पाय भरून आले होते तरी गाणं म्हणत आले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. कॉलनीभर गाड्यांना हार, टायरखाली लिंबं. आमच्याकडं पूजा नसते, पण मामांनी सायकल धुतली. काय धुतली! आरा न् आरा जुन्या बनियननं पुसला, साखळीला तेल दिलं. किती मायेनं! मला वाटलं, विरघळला माणूस. मग पंप आणला आणि भरली. तीस.

१४ ऑक्टोबर, सोमवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. मामा दरवर्षी दीक्षाभूमीला जायचे. नोकरीत रजा नाही मिळाली तरी जायचे. गेल्या वर्षी गेले नाहीत, यंदाही नाहीत. "हितंच विहारात जाऊन यितो," म्हणाले आणि लगेच परत आले. मी म्हटलं, जा की मामा नागपूरला, आत्यांना मी बघते. "तू जाशील की फिरायला तुज्या सायकलीव," म्हणाले. टोमणाच तो! नाहीतर काय?

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दुपार. आत्या झोपल्यात. 

काल संध्याकाळी धो धो पाऊस झाला. तरी निघाले, वाट ओली असणार म्हणून तासभर आधीच. रोज म्हणजे रोज! भराव ठीक होता. पण भरावावरून उतरून वस्तीकडं जाणारा तुकडा काळ्या रानातला. मला वाटलं होतं, रुंद टायर चिखलावरून तरंगत जाईल. तरंगतोय कसला! जेवढा रुंद, तेवढा चिखल जास्त. बघता बघता दोन्ही चाकं मातीनं गच्च भरली, फिरायची थांबली. ढकलता येईना, ओढता येईना. काठीनं उकरून उकरून कशीबशी भरावावर आणली आणि परत फिरले. नेहमीपेक्षा खूप लवकर घरी.

मामा फाटकात नव्हते. पायरीवर बसले होते. नुसत्या बनियनवर, अनवाणी, पंप मांडीवर. दार बंद. आणि आतून आत्यांचा आवाज — "चोर हाय! जा हितनं! अग राजू, चोर शिरलाय ग घरात!"

मला बघून मामा उठले नाहीत. "लौकर आलीस," म्हणाले.

"हे काय, मामा?"

"काय न्हाय. आतनं कडी घालती. उटल्यावर तू दिसत न्हाईस, मी दिसतो. मग भायर काडती मला."

"रोज?"

"रोजच की. तुजी घंटी वाजली की उगडती."

 कडी काढून टाकू या, म्हटलं. "काडली हुती मागं," ते म्हणाले. "तवा लाटणं घिऊन आली अंगावर. त्यापरीस भायर बरं. शेगडीचा गॅस मी आदीच बंद करून ठिवतो." पंप हातात का, तर शेजाऱ्यांनी विचारू नये, पहाटे बाहेर काय करता म्हणून. सायकलला हवा भरतोय, एवढं सांगता येतं.

"मला सांगायचं की!"

"काय सांगू? बायकू चोर म्हणती, असं सांगू सुनंला?"

मग खाली बघत म्हणाले, "हवेचंबी ठावं हाय मला. कमीच लागती तिला. टायरवर लिवलंय की. मुद्दाम भरत हुतो. चार दिस धक्के खाल्लेस की कटाळशील, म्हणलं."

राग आला. लई राग आला! मनगटं माझी सुजली होती. पहाटे चोरासारखी टाकीमागं मी जात होते. आणि त्याच वेळी त्यांचे ते चिखलानं भरलेले अनवाणी पाय दिसत होते. दोन्ही एकदम वाटलं, काय करू? घंटी वाजवली. आत्यांनी दार उघडलं. "राजू आली! आन् ह्यो कोन ग?"

"घरातलेच आहेत," म्हटलं आणि चहा ठेवला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मामांशी बोलले नाही. सायकलला हात लावला नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

तिप्पण्णा सरांचा फोन. "हो का नाही ते सांगा की बाई. नाहीतर दुसरं माणूस बघावं लागंल." पाच दिवस मागून घेतले.

इतके दिवस मी टायर दाबत बसले! सायकल रोजच्याला चालते का — चालते. मग? मी गेले तर मामा पायरीवर. तासभर नव्हे, दुपारपर्यंत. नाही गेले तर मी आत. कधीपर्यंत, ते माहीत नाही. तिघंही एकाच दाराला अडकलोय, आणि ज्याचे हे आईबाप तो पुण्यात बसून 'बघू' म्हणतो.

फोन लावला. म्हटलं, आत्या मामांना ओळखत नाहीत. बाहेर काढतात. तो हसला! "आई? बाबांना? काहीतरीच! माझ्याशी रोज फोनवर चांगली बोलते की." बोलतात ना! 'जेवलास का?' 'जेवलो.' 'बरं.' एवढ्यावर याची आई बरी.

म्हटलं, "मग रजा काढा. शाळा सुरू झाली की पहिला आठवडा तुम्ही घरी राहा."

"आठवड्यानं काय होणार?"

"तेच बघायचंय."

"बघू की."

"बघू नका, काढा!" ओरडले मी. लग्नानंतर पहिल्यांदा. फोनवर का होईना.  मग म्हणाला, "बरं."

२६ ऑक्टोबर, शनिवार

परत पाऊस. आज काळ्या रानात शिरलेच नाही. खाणीकडून मुरमाची वाट आहे, लांबची. उशीर झाला, पण पोचले, आणि चाकं स्वच्छ.

तर ही सायकल रोजच्याला चालते का? मुरूम, खडी, वाळू — राणी आहे! डांबरावर शिक्षा. बाभळीखाली जेलची कृपा. काळ्या चिखलात हिचं काय, कुणाचंच चालत नाही, तिथं वळसा घालायचा आणि घरातून लवकर निघायचं. बस. एवढं कळायला दीड महिना गेला.

संध्याकाळी मामांनी टायरला अंगठा लावला. पंप जोडला. माझ्याकडं न बघता विचारलं, "धा का बारा?"

"दहा."

तेवढीच भरली. अजून आम्ही नीट बोलत नाही.

सरांना हो म्हणून कळवलं. 

२ नोव्हेंबर, शनिवार

संघपाल परवा आला, चांगली लांब रजा घेऊन. आत्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "माजं बाळ आलं!" स्वतः भाकरी कुस्करून वाढली त्याला. तो माझ्याकडं असा बघत होता, कोर्टात केस जिंकल्यासारखा! "बघ! उगीच सगळ्यांना घाबरवतेस. मी एकटा सांभाळीन आईला."

 मी डोळ्यांसमोर असताना त्या शांतच असतात. आणि सध्या मी सारखी डोळ्यांसमोर आहे, कारण सायकल पहाटे तो घेऊन जातो. फोटो काढतो. आज येऊन म्हणाला, "हवा किती कमी होती! पेट्रोल पंपावर टाईट करून आणली."

मामांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं. पहिल्यांदाच.

१० नोव्हेंबर, रविवार

उद्या. पिशवी भरली. डबा, ओढणी, जास्तीचे मोजे, टायर उकरायला काठी. पांढरी साडी का पंजाबी — पंजाबी.  आत्यांना सांगितलं, मी सकाळी शाळेत जाणार. "बरं," म्हणाल्या. मग विचारलं, "कुणाच्या शाळंत?" परत सांगितलं. परत 'बरं'. तिसऱ्यांदा सांगवेना. डोळे भरून आले. मी जाणं त्यांना उद्या पहाटे पहिल्यांदाच कळणार, आणि परवा परत पहिल्यांदाच.

मामा नळाशी पाणी भरत होते. हळूच म्हणाले, "सकाळचं काय हुतंय त्ये त्येला सांगू नगंस."

"सांगून झालंय फोनवर. पटलं नाही त्यांना."

"बगू दे की त्येचं त्येला."

११ नोव्हेंबर, सोमवार
शाळा, मधली सुट्टी

पहिल्याच तासाला संघपालचा फोन. वर्गाबाहेर येऊन घेतला. "राजू, अगं, आईनं मला बाहेर काढलं! चोर म्हणते मला! आतून कडी घातलीय, शेजारचे सगळे बघतायत! काय करू?"

"मामा कुठं आहेत?"

"इथंच, पायरीवर. हसतायत!"

खरंच, मागं ऐकू येत होतं. मामांना असं हसताना मी या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं.

"मग त्यांच्या शेजारी बसा," म्हटलं. "साडेबाराला येते." फोन पर्समध्ये टाकला आणि पाचवीला अपूर्णांक शिकवायला घेतले.